बिल्ल्यावरचा आकडा

लिएपायाच्या संगीतशाळेसाठी मी पहिल्यांदा
तीन तक्ते आखले:
विद्यार्थी, शिक्षक, पालक.
तिघांना वेगळी दारं, वेगळे पासवर्ड.
मुख्याध्यापक गुनवाल्दिस म्हणाले, सुटसुटीत आहे,
आणि बिल मंजूर केलं.

नोव्हेंबरपर्यंत सुटसुटीत होतं.

मग स्कायद्रीतेबाई,
एकोणचाळीस वर्षं पियानो शिकवणाऱ्या,
चेलो शिकायचा म्हणून अर्ज भरायला बसल्या.
पडद्यावर आलं: हा ईमेल आधीच नोंदलेला आहे.
त्यांनी मला फोन केला. आवाजात राग नव्हता.
"मी नोंदलेली आहे हे मला ठाऊक आहे," म्हणाल्या,
"पण आता मला दुसऱ्या खुर्चीत बसायचंय."

मी ठिगळ लावलं.
तिन्ही तक्ते मोडून एकच केला, लांबलचक,
त्यात 'प्रकार' नावाचा रकाना,
आणि ज्याला जे लागू नाही ते रिकामं.
सात वर्षांच्या उल्विसच्या ओळीत
पगाराचं बँक खातं: रिकामं.
शिक्षकांच्या ओळीत
दप्तर कुणी न्यायला येणार: रिकामं.
ओळीओळीतून वारा वाहायला लागला.
आमच्या गावात तसंही वाऱ्याला दार शोधावं लागत नाही.

आणि 'प्रकार'मध्ये मावायचा एकच शब्द.
शिक्षक लिहावं तर चेलो जातो,
विद्यार्थी लिहावं तर पगार.
शिवाय तो उल्विस त्यांचाच नातू,
त्याची फी त्याच भरतात,
हे कुठे लिहू?

ट्राम चुकली म्हणून चालत गेलो शाळेत.
तळघरात कोट ठेवायची खोली,
लाकडी कठड्यामागे आउस्त्रा, मांडीवर अर्धा मोजा.
तिने माझा कोट घेतला, पितळी बिल्ला दिला: ११४.
मी विचारलं,
"शिक्षकांचे कोट कुठे टांगतेस?"
तिने चष्म्यावरून पाहिलं.
"खुंटीवर."

रात्री पुन्हा आखायला घेतलं.
माणूस: एक आकडा, नाव, जन्मतारीख, ईमेल. बस.
आकड्याला अर्थ नाही, म्हणूनच तो टिकतो.
लग्नात आडनाव बदलो, भांडणात ईमेल बदलो,
आकड्याला त्याचं सोयरसुतक नाही.
भूमिका वेगळ्या तक्त्यात:
कोण, काय, कधीपासून, कधीपर्यंत.
'कधीपर्यंत' रिकामं ठेवायची मुभा.
हे एकच रिकामेपण मला आवडतं.

बासष्ट: शिक्षक, सप्टेंबर १९८४पासून.
बासष्ट: पालक, उल्विसची.
बासष्ट: विद्यार्थी, चेलो, मंगळवार पाच वाजता.

आम्ही तिला परकी किल्ली म्हणतो,
दुसऱ्याच्या ओळीत ठेवलेली
आपल्याच घराची किल्ली.
परकी कसली?

जुनं नव्यात ओतायला दोन रात्री गेल्या.
अकरा माणसं तुकड्यातुकड्यांत सापडली, सांधली.
एक नवराबायको एकाच ईमेलवर नांदत होते;
त्यांना वेगळं करण्याआधी
मी फोन करून परवानगी घेतली.
बाई म्हणाल्या, "कागदावरच ना? मग करा."

शेवटी आउस्त्राचं नाव घातलं.
तिने सांगितलं नव्हतं.
ती शिकत नाही, शिकवत नाही, तिचं कुणी इथे येत नाही,
आणि पगार तिला नगरपालिका देते.
म्हणजे माणूस, आणि पुढे भूमिकेची एकही ओळ नाही.
वाटलं, आता लाल अक्षरं येतील.
तक्त्याने निमूट घेतलं:
एकशे चौदाच निघाला तिचा आकडा,
योगायोगच, मी काही केलं नाही.

पहिल्या मंगळवारची हजेरी परवा उघडून पाहिली.
चेलोचे सर सव्वीस वर्षांचे,
लहानपणी बासष्टकडे पियानोला होते.
(तेही तक्त्यात आहे, तारखांसकट,
'कधीपर्यंत' भरलेलं.)
त्यांनी बाईंच्या नावापुढे खूण केली आहे:
उशिरा आल्या, सात मिनिटं.
कारणाच्या रकान्यात:
कोटखोलीत गप्पा.